एका उपरण्यातली बावन्न माणसं

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, वर सतरंजी अंथरायची, मागं मंडपवाल्याकडचा एखादा रंगीत पडदा, बाजूला बांबूला बांधलेले दोन कर्णे. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात असा रंगमंच बघता बघता उभा राहतो. समोर ताडपत्रीवर लेकरं, त्यांच्या मागं एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडीमाणसं, आणि पार शेवटी मोटरसायकलवर बसून पाहणारे. मग माइकसमोर एक माणूस येतो. अंगात साधा सदरा, खांद्यावर उपरणं. त्याच्यामागं दुसरं कुणी येत नाही, शेवटपर्यंत येत नाही. तरी तासाभरानं त्या दोन ट्रॉल्यांवर पाय ठेवायला जागा उरलेली नसते. म्हातारे, पोरंटोरं, नवरदेव, रुसलेल्या आत्या, गावचा पुढारी असे सगळे तिथं दाटीवाटीनं उभे असतात आणि समोरच्या हजार माणसांना ते दिसत असतात.

ही माणसं येतात कुठून? एकपात्री नाटक पाहून पोट धरून हसलेल्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न जरा वेळ काढून विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर त्या नाटकाइतकंच अजब आहे.

मराठवाड्यात एकपात्री म्हटलं की नाव एकच येतं, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली ते रंगमंचावर आणलं. लिहिलं त्यांनी, बसवलं त्यांनी आणि त्यातली सगळीच्या सगळी बावन्न पात्रंही केली त्यांनीच. सुमारे तीन तासांचा खेळ, एक नट, एक उपरणं. गिनीज बुकानं त्याची दखल घेतली. २००९च्या २२ फेब्रुवारीला देशपांडे गेले. वऱ्हाड मात्र थांबलं नाही. आता ते घेऊन हिंडतो तो संदीप पाठक, बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा.

नाटकाची कल्पनाच मराठवाड्याच्या माणसाला गुदगुल्या करणारी आहे. लग्नासाठी एका खेड्यातली मंडळी थेट विमानात बसून लंडनला निघतात. हे नाटक आलं तेव्हा परळीला रेल्वे होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, खुद्द बीडला, नव्हती. बीडच्या स्टेशनातून प्रवाशांची पहिली गाडी सुटायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. ज्या मुलखात लाल एसटी हेच सगळ्यात मोठं वाहन, तिथलं वऱ्हाड विमानाच्या शिडीवर चढतंय! माणसं हसली ती नुसत्या विनोदाला नाही. आपली आत्या, आपला चुलता तिथं चढताना त्यांना दिसला.

आता ‘दिसला’ म्हणजे काय, ते पाहू. त्यासाठी घरीच एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा आणि बांधावरचं भांडण एकट्यानं करून पाहा. एक तात्या, एक बापू.

‘बापू, बांध कामून कोरायलास?’

‘कोन कोरायलंय? पान्यानं गेला आसंल!’

‘पाऊस कुटं पडलाय यंदा?’

नवशिका माणूस पहिल्यांदा आवाज बदलायला जातो. तात्याला घोगरा, बापूला किनरा. दोनचार वाक्यं जमतं, मग घोगरा किनऱ्यात मिसळतो आणि दोघांचा एकच माणूस होतो. तालमीत मुरलेला नट आवाजाआधी नजर ठरवतो. तात्या उंच, म्हणून तात्या बोलतो तेव्हा नजर जराशी खाली, उजवीकडं. बापू ठेंगणा, म्हणून तो बोलतो तेव्हा हनुवटी वर, नजर डावीकडं. बस्स. नटानं पाहिलं खाली, आणि समोरच्या रिकाम्या जागेत साडेपाच फुटांचा बापू उभा राहिला. बोलणारा माणूस नट दाखवतो, ऐकणारा माणूस मात्र त्याची नजर तयार करते. मध्येच नटानं नजर गुडघ्यापर्यंत उतरवली आणि एवढंच म्हटलं, ‘ए, घरी जा रं, मायला सांग भाकरी धाडून दे,’ तर तिथं सहा वर्षांचं एक पोरगंही उगवतं. त्याला एक वाक्य नाही, एक हालचाल नाही. पण पुढच्या प्रवेशात नटानं त्या जागेवरून चालताना पाय जरा उचलून टाकला नाही, तर पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजीचा जीव वरखाली होईल. पोरगं तुडवलं जाईल ना!

एकपात्रीतल्या चुका बहुतेक इथंच होतात. डावीकडचा तात्या चुकून उजवीकडं गेला, की प्रेक्षक विनोद विसरून तात्याला शोधत बसतात. बावन्न पात्रांचं पाठांतर अवघड असेलच. पण बावन्न उंच्या, बावन्न जागा आणि कोण कुणाच्या कुठल्या हाताला उभा आहे, हा सगळा नकाशा तीन तास अंगात धरून ठेवायचा, याचं मला अधिक नवल वाटतं.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती वेळेची आहे. दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली संशोधकांनी जपानीपासून लाओपर्यंत जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. सरासरी निघाली साधारण एक पंचमांश सेकंद. पापणी लवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. तो बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होतं आणि त्याचा शेवटचा शब्द पडता पडता आपण शिरतो. आता हे एका शरीरात बसवून पाहा. तात्याचा शेवटचा शब्द तोंडातून जाताजाताच मान वळायला लागली पाहिजे, पाठ वाकली पाहिजे, चेहऱ्यावरचा राग उतरून साळसूदपणा चढला पाहिजे, आणि बापूचं ‘कोन कोरायलंय?’ वेळेत आलं पाहिजे. जरा उशीर झाला तर भांडण भांडण राहत नाही, शाळेतलं पाठांतर होतं. फार घाई केली तर दोघं एकमेकांत वितळतात. ही मान वळवण्याची कला अंगात मुरायला नटाला वर्षं लागतात, आणि आपल्याला ती दिसतही नाही. आपल्याला दोन माणसं दिसतात.

इतक्या थोडक्या खुणांवर आपला मेंदू माणूस कसा काय उभा करतो? स्वीडनच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली एक सुंदर प्रयोग मांडला होता. माणसाच्या खांद्यांना, कोपरांना, मनगटांना, गुडघ्यांना, घोट्यांना मिळून दहाबारा चमकणारे ठिपके लावले आणि अंधारात त्याला चालवलं. पाहणाऱ्यांना माणूस दिसत नव्हता, फक्त ठिपके. ठिपके स्थिर असताना कुणाला काही कळेना. ते हलले मात्र, आणि क्षणाच्या आत लोक म्हणाले, हा तर चालणारा माणूस! अंग नाही, चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती चालण्याची लय. त्या लयीवरून डोक्यानं उरलेला माणूस भरून काढला. ट्रॉलीवरचा नट कंबरेतून किंचित झुकून, एक पाय ओढत तीन पावलं टाकतो, तेव्हा आपण पाहतो तो म्हातारा असाच भरून काढलेला असतो. नटाचं वय तिशीचं असलं तरी त्यानं काही बिघडत नाही.

आणि मग ते उपरणं. खांद्यावर असलं की शेतकरी, डोक्याला गुंडाळलं की पाटील, डोक्यावरून पुढं ओढून एक टोक दातात धरलं की लाजणारी सून, कमरेला खोचलं की भांडायला उठलेली सासू. ही युक्ती कुणा एका नटाची नाही. आपल्या मुलखात ती कीर्तनकारांकडं पिढ्यान् पिढ्या आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंगातलं आख्यान लागलं, की एकटे बुवा कृष्णही होतात आणि द्रौपदीही, दुर्योधनही आणि विदुरही. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर गेलं की सभेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्रौपदी दिसायला लागते. बुवांच्या मिशा कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. ज्या गावात हरिनाम सप्ताहाला सात रात्री माणसं देवळापुढं बसतात, त्या गावाला एकपात्री नाटक कसं पाहावं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

त्याच्याही मागं गेलं तर भारूड आहे. संत एकनाथ पैठणचे, सोळाव्या शतकातले. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, महारीण, विंचू चावलेला माणूस, अशी चौकातली सगळी सोंगं त्यांनी भारुडात आणली आणि लोकांना हसवत हसवत परमार्थ सांगितला. पैठणहून निघालेली गोदावरी पुढं बीड जिल्ह्याची उत्तर सीमा धरून वाहते. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणचं पाणी माजलगावच्या धरणात आणून सोडतो. भूगोलातला हा योगायोग मला फार आवडतो. नाथांच्या गावचं पाणी ज्या गावाला मिळतं, त्याच गावचा नट आज एकट्यानं बावन्न सोंगं काढतोय.

पण सगळ्यात थक्क करणारा धागा याहून कितीतरी जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे दहा प्रकार सांगितलेत. त्यांपैकी एकाचं नाव ‘भाण’. भाणात पात्र एकच. तो रस्त्यानं चालत निघतो, वाटेत नाना तऱ्हेच्या लोकांना भेटतो, पण त्यांतलं एकही प्रेक्षकांना दिसत नाही. तो थांबतो, कान देतो, ‘काय म्हणतोस?’ असं विचारतो, समोरच्याचं म्हणणं स्वतःच उच्चारतो आणि मग त्याला उत्तर देतो. या युक्तीला शास्त्रात नावही किती देखणं आहे पाहा, ‘आकाशभाषित’. आकाशातून आलेलं बोलणं! दिसत नसलेल्या माणसाचं ऐकू येणारं वाक्य. असे चार जुने संस्कृत भाण ‘चतुर्भाणी’ या नावानं १९२२ साली छापून आले. त्यांत थट्टामस्करी आहे, शहरातल्या गल्ल्या आहेत, बढाईखोर आहेत, लबाड आहेत. म्हणजे एकट्यानं रंगमंचावर उभं राहून अख्खा गाव हसता करायचा, ही तऱ्हा आपल्याकडं हजार वर्षांहूनही जुनी.

आकाशभाषित चालतं कसं, हे कळायला बीडच्या बसस्टँडवर जा. एसटीत शेजारचा माणूस फोनवर बोलतो. ‘हॅलो... आरं पर त्येला इच्यारलं का?... न्हाई न्हाई... मंग किती म्हन्तोय?... हां!’ आपण खिडकीबाहेर पाहायचं ठरवतो आणि नकळत हिशेब करत बसतो. बैल विकायलेत की जमीन? पलीकडचा मेहुणा आहे की दलाल? शेजारची दोन माणसं आपसात बोलत असली तर आपण सहज डुलकी काढतो, फोनवरचं अर्धं बोलणं मात्र झोपू देत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली हे तपासून पाहिलं. दोन्ही बाजूंचं संभाषण कानावर पडत असताना माणसाचं हातातलं काम नीट चालू राहतं. एकाच बाजूचं कानावर पडलं की लक्ष उडतं. मेंदूला गाळलेल्या जागा भरल्याशिवाय राहवत नाही. एसटीत ज्याचा वैताग येतो, त्याच सवयीवर एकपात्री नट तीन तासांचं नाटक उभं करतो.

भाषेचं काम इथं मोठं आहे, आणि त्याचं श्रेय अजून पुरेसं दिलं गेलेलं नाही असं मला वाटतं. ‘जायलाव’, ‘करायलास’, ‘कामून’, ‘लई’ हे शब्द रंगमंचावर बराच काळ गड्याच्या तोंडी असत. नायक शुद्ध बोलायचा, नोकर गावरान बोलायचा, आणि हसायचं कशाला तर त्या गावरान बोलण्याला. ‘वऱ्हाड’मध्ये गाव स्वतःच बोलतं. मराठवाडा १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं इथल्या मराठीच्या हाडामांसात उर्दू आहे, कानडीतेलुगूची कड आहे, आणि दर पन्नास मैलांवर क्रियापद थोडं वळण घेतं. नटाला याचा फायदा असा, की एक ‘जायलो’ आणि एक ‘जातो’ यांच्यात दोन माणसांचं शिक्षण, वय, गाव आणि घरातला मान, सगळं येऊन जातं. वेशभूषेची पेटी लागत नाही. पुण्यामुंबईकडं पु. ल. देशपांडे १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी करत होतेच. पण गिरगावातली चाळ वेगळी आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींचं गाव वेगळं.

हसण्याचाही एक हिशेब आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं हसण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा आढळलं की एकट्यानं असताना माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. म्हणून मोबाइलवर एकटं पाहिलेलं नाटक मैदानावरच्या नाटकाइतकं कधीच हसवत नाही. मैदानावर मात्र नटापुढं एक वेगळाच पेच असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शेवटचा मोटरसायकलवाला सत्तर मीटरवर असेल, तर कर्ण्यातून निघालेलं वाक्य त्याला एक पंचमांश सेकंद उशिरा पोचतं, आणि त्याचं हसू परत यायला आणखी तेवढाच वेळ. पुढची लेकरं हसायला लागतात तेव्हा कुठं मागच्या गडीमाणसांपर्यंत वाक्य पोचतं. हशाची लाट मागून पुढं येते. कसलेला नट ती लाट अंगावर येऊ देतो, ती माथ्यावरून उतरायला लागली की पुढचं वाक्य टाकतो. फार लवकर टाकलं तर वाक्य हशात बुडतं, पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर उतार लागतो. नाट्यगृहात ही वेळ वेगळी, उघड्या मैदानात वेगळी. वारं सुटलं तर आणखी वेगळी. बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला खेळ आणि शिरूरकडच्या एखाद्या वस्तीवरचा खेळ, संहिता एकच असली तरी नटाच्या श्वासाची मोजणी सारखी राहत नाही.

आणि त्या पुढच्या लेकरांची एक गंमत. कर्णे बाजूच्या बांबूवर आहेत, आवाज तिकडूनच येतोय, तरी कुणीच बांबूकडं पाहत नाही. ओठ जिथं हलताना दिसतात तिथूनच आवाज येतोय अशी आपल्या डोळ्यांनी कानांची समजूत घातलेली असते. बोलक्या बाहुल्यांचा खेळ याच जोरावर चालतो.

जिल्ह्यातल्या हौशी नाटकमंडळींना हे सगळं वाचून वाटेल की एकट्याचं बरं आहे. त्यांचं दुखणं मला ठाऊक आहे. आठ जणांचा फार्स बसवायचा तर शाळेच्या वर्गात रात्री तालमी. एकाची कापूस वेचणी, एकाची रात्रपाळी, नायिकेच्या घरून नऊच्या आत परत यायची अट. राज्य नाट्यस्पर्धेला जायचं तर नेपथ्याला टेम्पो लागतो. फार्समध्ये दारं महत्त्वाची, एका दारातून नवरा आत आला की दुसऱ्या दारातून पाहुणा बाहेर पडला पाहिजे, आणि ती दारं प्लायवूडची, उघडताना चौकटीसकट हलणारी. ही मंडळी जे करतात ते सोपं नाही. पण एकपात्रीवाल्याची दारं हवेची असली तरी ती उघडावी लागतातच. कडी कुठल्या उंचीवर आहे, दार आत उघडतं की बाहेर, हे त्यानं एकदा दाखवलं की पुढचे तीन तास त्या दाराला तो बांधलेला. आठ जणांच्या नाटकात एक जण वाक्य विसरला तर दुसरा सावरून घेतो. इथं सावरणारा तोच, विसरणाराही तोच, आणि ज्याला उत्तर द्यायचं तोही तोच.

तरी मी म्हणेन, तो एकटा नसतो. ट्रॉलीवर अर्धा माणूस उभा असतो आणि उरलेला अर्धा समोर ताडपत्रीवर बसलेला असतो. नट नजर देतो, आपण उंची देतो. तो पदर देतो, आपण चेहरा देतो.

खात्री करायची असेल तर असा एखादा खेळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावात हिंडा. हॉटेलात चहाला, पाणंदीत, पिठाच्या गिरणीवर बायकांच्या रांगेत एकच प्रश्न विचारा, नवरीच्या आईनं लुगडं कुठल्या रंगाचं नेसलं होतं? कुणी म्हणेल हिरवं. कुणी म्हणेल वांगी रंगाचं, काठ लाल. कुणी तर पैठणीच होती असं शपथेवर सांगेल. गिरणीवाल्या मावशी मात्र पिठाचा डबा खाली ठेवून थोडा वेळ आठवत राहतील.

उपरणं पांढरं होतं.